कपिलीचं काय करायचं

अहो, तुम्ही जाऊन अजून महिना झाला नाही, आणि भेटायला येणारं प्रत्येक माणूस रडून झालं की बोटीचं विचारतंय. आधी तोंडाला पदर, मग "लई वाईट झालं बगा", मग चहा, आणि कप खाली ठेवता ठेवता, "मग आता त्या जहाजाचं काय करणार म्हणं?" ते जहाज नाही, आपली कपिली म्हणजे शिडाची लहानशी बोट आहे, आपल्या ओसरीपेक्षा थोडी लांब, हे सांगून सांगून मी थकले. पण नवरा जहाजावर होता म्हटल्यावर त्यांना जहाजच पाहिजे. आता मी नुसती मान हलवते. माझ्यात कुणाला समजावून सांगायचं त्राण राहिलं नाही.

दत्ताभावजी तर रोज एकदा विषय काढतात. तुमचा धाकटा भाऊ, माया करणारा माणूस, पण मनात आलं की थांबत नाही. "वैनी, इकून टाका. तुमाला कुठं आवडत व्हती ती? दादाच्या हट्टापायी ऱ्हायलाव तुमी." त्यांचं काय चुकलं? दर खेपेला फोनवर मीच गाऱ्हाणी सांगितली होती. अंथरूण ओलं, पापड मऊ, गुडघे दुखतात, कधी एकदा जळकोटला येते असं झालंय. घरात सगळ्यांना ते पाठ आहे. त्यामुळं उत्तर काय ते सगळ्यांना माहीत आहे, विचारायचं ते फक्त मी तोंडानं म्हणावं म्हणून.

पण त्यांचं सोडा. आधी तुम्ही विचारून ठेवलंय. येळवशीच्या सणादिवशी, दिवस मावळताना, शेताच्या बांधावर. मी भज्जीची रिकामी पातेली गोळा करत होते आणि तुम्ही येऊन उभे राहिलात. म्हणालात, "बाई, कपिली इकू का? तू म्हणशील तसं." आपल्या लग्नापासून तुम्ही मला 'बाई' म्हणत आलात, शाळेतल्या पोरांसारखं, चिडवायला. घेताना विचारलं नव्हतं तुम्ही. विकताना विचारलंत. मला इतकं बरं वाटलं त्या विचारण्याचं की म्हटलं, जरा राहू दे अंगावर. शिवाय दत्ताभावजी लांबून "दादा, ओ दादा" करत येतच होते. मी म्हणाले, "उद्या सांगते." तुम्ही हसलात. "तू लई थांबलीस माझ्यासाठी. एक रात्र मी थांबतो," म्हणालात, आणि त्यांच्याबरोबर निघून गेलात.

सकाळी ओसरीवर चहाचा कप हातात घेऊन बसला होतात. बसल्या जागीच गेलात. मी मागं न्हाणीत होते. चहासुद्धा सुमननं दिलेला. जाऊ म्हणून ती माझ्या हाताखालची, पण या घरात सकाळचा चहा तिच्याच हातचा असतो.

उत्तर मी रात्रीच ठरवून ठेवलं होतं. कुणाला सांगितलं नाही, कारण ज्यानं विचारलं त्याला सांगायचं होतं. आता सांगते, पण माझ्या सवडीनं. घाई करायला तुम्हीही कुठं आहात.

तीस वर्षं तुम्ही जहाजाच्या पोटात इंजिनापाशी होतात. वर्षातून एकदा यायचात, दोन-तीन महिने राहायचात, पाहुण्यासारखे. परदेशी साबणाचा वास असलेली बॅग, आपल्या स्वातीला चॉकलेट, आत्याबाईंना, तुमच्या आईला, मलमाच्या बाटल्या. मी जरा कुठं तुमच्या घोरण्याला सरावायची तोवर परत निघायचात. माझी शाळेतली नोकरी, स्वातीचं शिक्षण, आत्याबाईंचं दुखणं, पत्र्यावर चढलेली माकडं, सगळं मी एकटीनं ओढलं. तक्रार म्हणून नाही सांगत. मला ते छान जमायला लागलं होतं. पण मनात एकच होतं, हा माणूस एकदा निवृत्त होऊ दे, मग घरात राहील. मी मधल्या खोलीसाठी मोठा सागवानी पलंगसुद्धा करून घेतला होता.

आणि तुम्ही निवृत्त होऊन आलात ते मोबाईलमध्ये पांढऱ्या बोटीचा फोटो घेऊन. मला वाटलं, कुठं फिरायला गेला होतात तिथला फोटो. "घेतली," म्हणालात, "कोकणातल्या खाडीत उभी हाय. आपुन दोघं ऱ्हायचं त्यात." मी तुमच्याशी बोलायचीच बंद झाले. सुमन मला म्हणाली, "अक्का, एवढा समुद्र हिंडून पोट भरलं न्हाय व्हय ह्यांचं?" माझाही तोच प्रश्न होता. मग एका दुपारी त्या नव्या पलंगावर एकटीच पडले होते. माझ्या लक्षात आलं, मला एक तर पलंग मिळेल नाहीतर तुम्ही. उठले आणि काटवट, तवा, खलबत्ता पोत्यात भरला. तुम्ही आनंदानं वेडेच झालात. लहानपणच्या तुमच्या गायीचं नाव बोटीला दिलंत, मला न विचारता तेही.

पहिल्या दिवशी बोट खाडीच्या तोंडाबाहेर काढली आणि तुम्हालाच ओकाऱ्या सुरू झाल्या! मला काही नाही. साऱ्या जगाच्या समुद्रावर फिरलेला माणूस कठड्याला धरून पांढराफटक पडला होता आणि मी, जिनं तोवर मांजरा नदीच काय ती पाहिली होती, ती तुमच्या पाठीवरून हात फिरवत होते. "मोठं जहाज येगळं असतंय," म्हणत होतात मधेमधे. मी ओवा दिला, लिंबू दिलं. वरून काळजी आणि आतून हसू, अशी माझी गत. कित्येक दिवस मला ते पुरलं.

पण माझीही फजिती फार लांब नव्हती. आपल्याकडं नळाला पाणी आलं की माणूस काय करतं? घरात जे जे भांडं आहे ते भरतं. हंडा, कळशी, बादली, तांब्या, शेवटी वाट्यासुद्धा. उद्याचं कुणी पाहिलंय. तसंच मी केलं. धक्क्यावर गोड्या पाण्याचा नळ मिळाला, तुम्ही बाजाराला गेलात, आणि मी बोटीच्या टाकीवर विश्वास न ठेवता सगळं भरून घेतलं. डब्याडब्यांतलं पीठ पिशव्यांत ओतून डबेसुद्धा भरले. आणि सगळं नीट रांगेत लावलं, एका बाजूच्या बाकाखाली आणि बाकावर, कारण दुसऱ्या बाजूला मला झोपायचं होतं.

तुम्ही परत आलात आणि लांबूनच ओरडलात, "अगं, बोट कलली! पाणी शिरलं!" पिशव्या टाकून धावत आलात. तळाच्या सगळ्या फळ्या उचकटल्या, हातात विजेरी घेऊन पालथे पडून बघताय, तर खाली कोरडं ठणठणीत. घामाघूम होऊन वर बघितलंत तर माझी रांग. मग म्हणालात, "बाई, आपुन पाण्यात ऱ्हातो ग." मी म्हणाले, "ते खारं आहे." पुढं तुम्हीच नियम केलात, भरायचं तेवढं भर, पण दोन्ही बाजूंना सारखं. मी शेवटपर्यंत भरत राहिले. टँकरच्या गावची सून मी, माझी ती सवय काही गेली नाही.

किती बारकं होतं ते घर! एकजण स्वयंपाकाला उभा राहिला की दुसऱ्यानं आधी श्वास आत ओढायचा, मग पलीकडं जायचं. संडासाचा तो हातपंप, डावीकडची कळ आधी की उजवीकडची, यावरून आपली किती भांडणं झाली असतील. एकदा तुम्ही उलटी फिरवलीत आणि पुढची सगळी सकाळ आपण दोघं नाकाला फडकं बांधून फरशी पुसत होतो. काड्यापेटी पेटायची नाही. तिखटाला बुरशी यायची. ज्वारीचं पीठ दमट हवेत चार दिवसांत जुनं व्हायचं, भाकरी थापताना चिरायची, आणि मी रागानं काटवट आपटायची. तुमचे चष्मे पाण्यात पडायचे. शेवटी मी चष्म्याला परकराची नाडी बांधून गळ्यात अडकवून दिली, तर तुम्ही तसेच बाजारात गेलात आणि मासळीवाल्या बायका हसायला लागल्या.

भांडण झालं तर जाणार कुठं? तुम्ही पुढच्या टोकाला, मी मागच्या टोकाला, मधे डोलकाठी. तुम्ही तिकडं दोऱ्या सोडून परत बांधत बसायचात, मी इकडं कोथिंबीर निवडायची. मग चहाची वेळ झाली की तुम्हीच खाली उतरायचात. चहाचं काम तुमचं. साखर जास्त, आलं कमी, कायम. मी नावं ठेवत प्यायची. तुम्ही म्हणायचात, "उद्यापासून तू कर." मी काही केला नाही कधी.

दत्ताभावजी एकदा बघायला आले होते आठवतं? सोबत ज्वारीचं पोतं, हरभऱ्याचा डहाळा, शेंगा, सगळं एस.टी.च्या टपावरून. बोटीत पाय ठेवला आणि डोलकाठीला मिठी मारली ती सोडेनात. तुम्ही जरा शीड उघडलंत तर म्हणाले, "दादा, हिला ब्रेक कुठं हाय तेवडं आदी दाव." तुम्ही म्हणालात, नाही ब्रेक. "मंग उतरीव मला." रात्री धक्क्यावरच्या शेडमध्ये झोपले, सकाळच्या गाडीनं जळकोटला परत. इथं येऊन सगळ्यांना सांगितलं, वैनीचे हाल हायेत. तेव्हापासून मी गावाची गरीब बिचारी झाले.

आपलं दरवर्षीचं भांडण मात्र एकच. मी म्हणायची, बास झालं, आता जमिनीवर. तुम्ही म्हणायचात, हा एक हिवाळा. पावसाळ्यात बोट खाडीत आत बांधून, ताडपत्रीखाली झाकून आपण गावाकडं यायचो, आणि दिवाळी झाली की तुमचे डोळे कोकणाकडं लागायचे. एक हिवाळा, एक हिवाळा करत किती गेले.

त्यातली ती येळवस मला फार आठवते. पौषाच्या तोंडाची अमावास्या. आपल्याकडं सगळा गाव शेतात असतो. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, तिच्यात चुन्यानं रंगवलेले दगडांचे पाच पांडव, डाळी-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातलं आंबिल, आणि रस्त्यानं जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवायचं. आणि मी त्या खाडीत, नुसत्या पाण्याकडं तोंड करून. सकाळपासून मी तुमच्याशी नीट बोलत नव्हते. तुम्ही कळलं नाही असं दाखवत चहा केलात आणि म्हणालात, "हितंच करू की येळवस. तुझ्याकडं डाळी हायेत, म्या कोप करतो."

खाडीच्या कडेला ती सुरूच्या झाडांची वाळूची जीभ होती, तिथं बोट आत घेतलीत. मी विचारलं, "इतक्या आत?" तुम्ही म्हणालात, "पाणी लई हाय, काय होत न्हाय." होतंच की पाणी, भर दुपारची भरती. झावळ्या गोळा करून तुम्ही कोप उभी केलीत, जांभ्याचे पाच दगड शोधलेत, आणि चुना? तो तुमच्या तंबाखूच्या डबीतला! बोटानं दगडांना चुना लावत बसलेले तुम्ही, ओठ मुडपून, डोळे बारीक करून. मग आंबिलाचा तांब्या घेऊन छोट्या होडीत बसलात, कपिलीभोवती फेरी मारलीत आणि आंबिल शिंपडत गेलात. "हेच आपलं रान," म्हणालात. माझा राग तिथंच गेला, पण मी तो चेहऱ्यावर अजून थोडा वेळ ठेवला.

जेवलो, आणि कोपीत आडवे झालो. उठून बघतो तर पाणी कुठं गेलं कुणास ठाऊक. सगळीकडं चिखल, आणि चिखलात कपिली एका अंगावर पडलेली, उन्हात बसलेल्या बैलासारखी. अमावास्येला भरती मोठी तशी ओहोटीही मोठी, हे त्या खाडीकाठच्या लहान पोरालाही माहीत असतं. आणि आपण नेमकी अमावास्या धरून, कौतुकानं, भरतीच्या पाण्यात बोट आत नेऊन बांधलेली. आपल्याला अमावास्या म्हणजे येळवस, बास. तुम्ही तीस वर्षं समुद्रावर होतात खरे, पण सगळी इंजिनापाशी. समुद्र तुम्ही खिडकीतूनही नीट पाहिलेला नव्हता.

गुडघाभर चिखलातून बोटीपर्यंत गेलो. आंबिलाचं मोठं मडकं मी वरच ठेवलं होतं, ते आडवं होऊन सगळं आंबिल अंथरुणात. आणि माझ्या पाण्याच्या कळशा! दोन्ही बाजूंना सारख्या भरून ठेवलेल्या, सगळ्या एकाच बाजूला येऊन पडलेल्या. तुम्ही वाकून आत बघितलंत, मग माझ्याकडं. आणि काय झालं कुणास ठाऊक, मला इतकं हसू आलं की मी तिथं चिखलातच बसले. तुम्ही आधी घाबरलात. मग तुम्हीही बसलात.

तेवढ्यात चिखलातून तिसऱ्यांच्या शिंपल्या वेचत एक बाई आली. बोटीकडं बघून म्हणाली, "अवसेक एवढ्या आत बोट कित्याक आणलात?" मग कोपीतल्या पांढऱ्या दगडांकडं बघून, "आणि हे देव खंयचे?" तुम्ही म्हणालात, "आमच्या गावाकडचे. या, जेवायला बसा." येळवशीला आलेल्या माणसाला उपाशी कसं पाठवायचं. ती बसली. भज्जी चाखून म्हणाली, "बरी झाली हा, पण यात मासो घातलो असतो तर!" तुम्हाला ते इतकं आवडलं की पुढं कुठलीही भाजी केली तरी तेच म्हणायचात. जाताना तिनं पदरातल्या मूठभर तिसऱ्या पांडवांपुढं ठेवल्या. आमच्या आत्याबाईंनी बघितलं असतं तर शेत धुऊन काढलं असतं.

मग आपण पाण्याची वाट बघत कोपीत बसून राहिलो. तुम्ही शिंपल्यानं माझ्या टाचांचा चिखल खरवडत होतात. तुम्ही सांगितलंत की जहाजावर असताना येळवशीला घरी फोन लागला की आत्याबाई म्हणायच्या, तुझ्या वाटचं आंबिल रानात ओतलं रे. आणि मग तुम्ही विचारलंत, "तू काय करायचीस त्या दिशी?" एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मी सांगितलं. भावकीच्या बायका कोपीत हसून विचारायच्या, बाई, मालक कुठवर आले? आणि मी हसून म्हणायची, येताहेत, वाटेत आहेत. मग पाणी आणायच्या निमित्तानं विहिरीकडं जाऊन जरा बसायची. कुणाला कळायचं नाही. तुम्ही हातातला शिंपला खाली ठेवलात. उठून गेला नाहीत. बोट चिखलात होती, जाणार कुठं. त्या संध्याकाळी मी जे जे सांगायचं राहिलं होतं ते सगळं सांगितलं, आणि तुम्ही ते सगळं ऐकलंत. रात्रीची भरती आली आणि कपिली आपोआप उभी राहिली. आपलं बोलणं अजून संपलेलं नव्हतं.

यंदा दत्ताभावजींनी फारच गळ घातली, खरी येळवस करायला या म्हणून. मीही हट्ट धरला. कपिली आत खाडीत बांधली आणि आपण जळकोटला आलो. मला वाटलं होतं, आता सुख. पायाखाली न हलणारी जमीन, कोरडं अंथरूण, खुसखुशीत पापड. ते सगळं मिळालं. पण तुम्ही मिळेना झालात. सकाळी उठावं तर तुम्ही हायवेच्या हॉटेलवर, दुपारी कुणाच्या तरी मळ्यात, संध्याकाळी देवळापुढं. गावाला तुम्ही हवेच होतात, इतक्या वर्षांनी आलेला माणूस. जेवायची पंगत आधी पुरुषांची, मग आमची. तुम्ही झोपायचात ओसरीवर भावजींच्या शेजारी, मी मधल्या खोलीत सुमन आणि तिच्या सुनेबरोबर. माझ्या त्या सागवानी पलंगावर गहू-ज्वारीची पोती रचलेली. दिवसभरात आपलं बोलणं म्हणजे "टॉवेल कुठं हाय" आणि "तिकडं दोरीवर". कुणी वाईट वागत होतं असं नाही. सगळी जीवच लावत होती. घर असंच असतं, आणि मी त्यात तीस वर्षं काढलीत. पण मधे मला सवय मोडली होती.

येळवशीच्या दिवशी तर तुम्ही मला दिसलाच नाहीत. या कोपीत जेव, त्या कोपीत जेव, सगळ्यांनी तुम्हाला पळवलं. मी आपल्या कोपीत वाढत होते. भावकीतल्या एकीनं विचारलं, "बाई, मालक कुठं गेले?" मी हसून म्हणाले, "येताहेत, वाटेत आहेत." हातात भज्जीची पळी होती. मला एकदम इतकं थकल्यासारखं झालं की पातेलं सुमनकडं दिलं आणि विहिरीकडं जाऊन बसले.

म्हणून संध्याकाळी तुम्ही बांधावर आलात तेव्हा मला बरं वाटलं. तुम्ही आधी विचारलंत, "हितं बरं वाटतंय का तुला?" मी उलट विचारलं, "तुम्हाला?" "समदे लई जीव लावत्यात," म्हणालात. मग बोटीचं विचारलंत. तुम्हालाही तेच जाणवलं होतं का? मला वाटतं जाणवलं होतं. पण हे आता माझं मीच धरून चालायचं.

मी उत्तर दुसऱ्या दिवसावर ढकललं याचा मला पश्चात्ताप नाही, हे आधी सांगते. लोक म्हणतील, त्याच क्षणी बोलायला हवं होतं. उगाच! इतक्या वर्षांनी नवऱ्यानं काही विचारलं, ते एक रात्र उशाला घेऊन झोपायचा मला हक्क होता. पण उत्तर तुमच्याबरोबर गेलं नाही, माझ्यापाशी राहिलं, आणि त्यानं माझी झोप उडवली आहे.

मी म्हणणार होते, विकू नका.

मी, जिनं दर हिवाळ्याला जमीन जमीन केलं, ती. मला समुद्र कधीच नको होता, आजही नको आहे. ते खारं पाणी, तो ओला बिछाना, ती दुखणारी ढोपरं, लांबचा दवाखाना, काही नको. पण लग्न झाल्यापासून तुम्ही मला सापडलात ते त्या बोटीतच. तिथं तुम्हाला कुणी हाक मारून नेत नव्हतं. सकाळी डोळे उघडले की तुम्ही स्टोव्हपाशी वाकून, चहात नको तेवढी साखर घालत. मी त्या घोटासाठी सगळं सहन करत होते, हे मलाच माहीत नव्हतं. इथं आल्यावर कळलं. आणि हे मी तुम्हाला सकाळी सांगणार होते, न्हाऊन, केस विंचरून, जरा ऐट करून. तुमचा चेहरा कसा झाला असता ते मी रोज मनात बघते. रडते, आणि मग हसते. तुम्ही मला तेवढे तरी हिवाळे दिलेत, नाहीतर मी त्या पलंगावर एकटीच म्हातारी झाले असते.

काल स्वातीचा पुण्याहून फोन आला. बोट घ्यायला एक माणूस तयार आहे, तो उत्तराची वाट बघतोय, पावसाळ्याआधी त्याला ती हलवायची आहे. आधी विकायचं तीच म्हणत होती, आणि काल तिचाच आवाज बदललेला. "आई, नको विकूया का? बाबांचं शेवटचं तेवढंच आहे गं. मी तिकडं माणूस ठेवते बघायला. तुला वाटेल तेव्हा जाऊन राहा. परवा तूच किती रडलीस बोटीचं नाव निघाल्यावर."

सुमन चूल सारवत होती, तिचा हात थांबला. दत्ताभावजी दारात उभे होते. सगळ्यांना ऐकायचं होतं.

"विकून टाक," मी म्हणाले.

"अगं पण का? नीट विचार कर. तुला तिथं राहायला आवडत होतं ना? खरं सांग."

"आवडत होतं."

"मग?"

"एकटीनं राहायचं मला चांगलं येतं, स्वाती," मी म्हणाले. "पण ते मी जमिनीवर शिकलेय."